लाइट गेल्यावरही जागं राहणारं घर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भरवलेल्या व्याख्यानमालेत आपल्याच एका सभासदाने सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून घेतला आहे.)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपण इथे राहायला आलो तेव्हा ठाण्याच्या या भागात रस्त्याला धड दिवे नव्हते. सुरक्षा म्हणजे गेटला लावलेली साखळी, एक शिट्टी, एक काठी आणि दाराला आतून घातलेली कडी. आज आपल्या आवारात सोळा कॅमेरे आहेत, गेटवर बूम बॅरियर आहे, पाहुणा आला की मोबाइलवर विचारणारं ॲप आहे, दोन्ही विंगच्या लॉबीला कार्डावर उघडणारी दारं आहेत. दहा-बारा घरांत बोट लावून उघडणारी कुलुपं बसली आहेत. सोळा-सतरा वर्षांची मुलंसुद्धा आता आईला किल्ली मागत नाहीत, पासवर्ड विचारतात.

मी आयुष्यभर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. बॉयलरचा दाब वाढला तर घंटा वाजली पाहिजे, वायू गळला तर झडप बंद झाली पाहिजे, असल्या गोष्टींची जबाबदारी. त्या धंद्यात एक सवय लागते. कोणी नवं यंत्र दाखवलं की ते चालू असताना काय करतं हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, हे बंद पडलं तर काय होईल?

आज मला तोच प्रश्न आपल्या सोसायटीबद्दल विचारायचा आहे. याला कारण आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रस्ताव येतो आहे: एवढी यंत्रणा बसवली आहे, तर रात्रपाळीच्या दोन वॉचमनपैकी एक कमी करू, मेंटेनन्स वाचेल. प्रस्ताव आणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पैसे सगळ्यांचेच जातात. माझं म्हणणं एवढंच, की मतदानाआधी तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या हातात हवीत. लाइट गेली तर काय होतं? इंटरनेट गेलं तर काय होतं? आणि कोणी मुद्दाम हात घातला तर काय होतं?

मेन स्विच खाली ओढून पाहिला

उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा बघूनच घ्यावं म्हणून कार्यकारिणीची परवानगी घेतली, दोन दिवस आधी फळ्यावर नोटीस लावली, आणि एका रविवारी सकाळी अकरा वाजता बी विंगच्या सामायिक पुरवठ्याचा मेन स्विच आपल्या वायरमनने खाली ओढला. सेक्रेटरी साहेब ऑफिसात डीव्हीआरसमोर बसले, मी घड्याळ आणि वही घेऊन लॉबीत उभा राहिलो.

पहिल्याच क्षणी लॉबीचं दार उघडं पडलं. ते दार चुंबकाने धरलेलं असतं. वीज गेली की चुंबक सुटतो. त्याच क्षणी जिन्यातले सहाच्या सहा कॅमेरे गेले, कारण त्यांचे ॲडॉप्टर जिन्याच्या दिव्यांच्याच लाइनवर होते. ऑफिसातला डीव्हीआर यूपीएसवर चालू होता. म्हणजे यंत्र जागं होतं आणि सहा काळ्या चौकटी मन लावून रेकॉर्ड करत होतं. वीसेक सेकंदांत जनरेटर सुरू झाला. लिफ्ट आली, पाण्याचा पंप आला. कॅमेरे आले नाहीत, कारण जनरेटरच्या पॅनलवर त्यांची लाइन कधी घेतलीच नव्हती. गच्चीवर केबलवाल्याची जी पेटी आहे ती याच सामायिक पुरवठ्यावर आहे. त्यामुळे विंगमधल्या घरांत इन्व्हर्टर असूनही इंटरनेट गेलं. गेटवरच्या टॅबवर गोल चक्र फिरत राहिलं.

अकराव्या मिनिटाला ऑफिसातला यूपीएस केकाटला आणि डीव्हीआरसुद्धा बंद झाला. ऑफिसची लाइन तर बी विंगवरच आहे. यूपीएसमधली बॅटरी चार वर्षांची, तिच्यात जीव उरला नव्हता. वीज परत दिल्यावर डीव्हीआर सुरू झाला तो १ जानेवारी २००० ही तारीख घेऊन. आतला बटणासारखा सेल संपला होता, आणि इंटरनेटवरून वेळ घ्यावी तर राउटर अजून उठायचा होता.

यात कोणाचा दोष काढायचा? कॅमेरेवाल्याने कॅमेरे नीट लावले होते. जनरेटरवाल्याला लिफ्ट आणि पंप एवढंच सांगितलं होतं, ते त्याने केलं. दारवाल्याने दार दिलं. जेवढे ठेकेदार तेवढे तुकडे, आणि सगळे तुकडे एकत्र बघायचं काम कोणाचंच नव्हतं.

त्या वीस मिनिटांत एक गोष्ट मात्र कोणी न सांगता झाली. लॉबीचं दार सुटलं तेव्हा गेटवरचे वॉचमन मामा आपली खुर्ची उचलून दारात येऊन बसले. त्यांना मी विचारलं, "मामा, कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "दार उघडं दिसलं साहेब." त्या दिवशी आपल्या सगळ्या यंत्रणेत वीज गेल्यावर आपलं काम बदलून घेणारे ते एकटेच होते.

विजेचा हिशेब

ठाण्यात राहणाऱ्यांना लाइट जाणं नवीन नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी सांगितलेलं कारण असं होतं, की कळव्याजवळ एका सर्किटच्या देखभालीचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर टाकला होता, आणि बिघाड नेमका त्या दुसऱ्यात झाला. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत असं होतं, तर आपल्या जिन्यातल्या ॲडॉप्टरचं काय घेऊन बसलात! शिकायचं ते इतकंच, की पर्यायी सोय नुसती असून भागत नाही. वेळ येईल तेव्हा ती भार पेलेल का, हे आधी बघावं लागतं.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे, घरी कागदावर करता येतो. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॉट-अवर. फायबरची पेटी आणि राउटर मिळून १५ वॉट घेत असतील तर कागदावर साडेपाच तास येतात. प्रत्यक्षात तीन-चार तास धरा. त्याच बॅटरीवर डीव्हीआर आणि आठ कॅमेरे, म्हणजे साठेक वॉट टाकले, तर नवी असताना पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. आणि अशी बॅटरी साधारण तीन वर्षांत थकते. म्हणून बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. आपण गॅस सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहितो, तसंच.

कॅमेऱ्यांसाठी उत्तम उपाय म्हणजे वीज आणि चित्र एकाच वायरमधून नेणारा पीओई स्विच. मग जिन्यात ठिकठिकाणी ॲडॉप्टर लागत नाहीत. ऑफिसात एकच चांगला यूपीएस ठेवला की सगळे कॅमेरे त्यावर जगतात. एका वायरची मर्यादा शंभर मीटर, ती आपल्या आवाराला पुरते. जनरेटर यायला वीस सेकंद लागतात, तेवढाच खंड पडला तरी कॅमेरा पुन्हा सुरू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं यूपीएस भरून काढतो. तेव्हा जनरेटर असला तरी यूपीएस हवाच.

आता दाराचं. वीज गेल्यावर दार उघडं राहावं की बंद, हे आपण ठरवायचं असतं, दुकानदाराने नाही. लॉबीचं दार हा आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे अशा दाराला आतून बाहेर पडताना किल्ली लागता कामा नये. म्हणून चुंबकाचं दार वीज गेल्यावर सुटतं ते बरोबरच आहे, त्याला दोष देऊ नका. फक्त ते सुटलंय हे कोणाला तरी कळलं पाहिजे, आणि तिथे माणूस आला पाहिजे. फ्लॅटचं दार वेगळं. ते बाहेरून बंदच राहिलं पाहिजे आणि आतून नुसत्या हाताने उघडलं पाहिजे. बोटाचं कुलूप घेताना तीन गोष्टी बघा: आतून बिनविजेचं उघडतं का, साध्या किल्लीचं भोक आहे का, आणि सेल पूर्ण संपले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा चार्जरची वायर लावून ते जागं करता येतं का. आणि ती साधी किल्ली त्याच घरातल्या कपाटात ठेवू नका, विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या.

इंटरनेट गेलं तर

आपल्या घरातली बेल वाजते तेव्हा बटण दारात, आवाज हॉलमध्ये. पण बऱ्याच स्मार्ट वस्तूंमध्ये हा निरोप दारातून निघून कुठल्या तरी दूरच्या संगणक केंद्रात जातो आणि तिथून परत हॉलमध्ये येतो. ७ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेत ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला, तेव्हा रिंगच्या बेल आणि कॅमेरे अडले, अलेक्सा मुकी झाली, काही घरांत झाडू मारणारे यंत्रमानवसुद्धा ऐकेनासे झाले. त्या घरांत वीज होती, वायफाय होतं, वस्तूही धडधाकट होत्या.

म्हणून खरेदी करताना दुकानात एक परीक्षा घ्या. त्याला सांगा, तुमच्या राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि आता मला सेन्सर लावून सायरन वाजवून दाखवा. वाजला तर घ्या. सायरन, कुलूप, बेल, रेकॉर्डिंग ही चार कामं घरातल्या घरात व्हायला हवीत. मोबाइलवर चित्र दिसणं ही वरची सोय. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालायची जागा असेल तर ते घाला, म्हणजे डीव्हीआरपर्यंतची वायर तुटली तरी कॅमेरा स्वतःपाशी लिहून ठेवतो.

दुसरा रस्ता म्हणून अलार्मच्या पेटीत मोबाइलचं सिम टाकतात. चांगलंच आहे. पण ब्रॉडबँड आणि सिम एकाच कंपनीचं घेतलं तर दोन्हींचा रस्ता पुढे एकच असू शकतो. कंपनी वेगळी घ्या, आणि सिमचा रिचार्ज कोण करणार त्याचं नाव लिहून ठेवा. रिचार्ज संपलेलं सिम म्हणजे टेकू काढलेली शिडी. टॉवरवरही भिस्त ठेवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वीजही गेली आणि कित्येक गावांत मोबाइलही कितीतरी दिवस बंद होते. आपल्यातल्या ज्यांचं माहेर किंवा सासर श्रीवर्धन-मुरूडकडे आहे त्यांना ते दिवस सांगायला नकोत.

मग अशा वेळी कळणार कसं? याचं उत्तर आपल्या दूधवाल्याकडे आहे. दूधवाला रोज येतो म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. पण एक दिवस सात वाजले आणि पिशवी दारात नाही, की घरात चौकशी सुरू होते. यंत्रणा तशीच लावायची. तिने दर थोड्या वेळाने "मी बरी आहे" एवढा निरोप बाहेर पाठवायचा, आणि तो आला नाही की समोरच्याच्या मोबाइलवर सूचना वाजली पाहिजे. संकट आलं की ओरडणारी यंत्रणा पुरेशी नाही, कारण ओरडायच्या आधीच तिचा गळा दाबता येतो. ती गप्प झाली हीच खबर ठरली पाहिजे.

मुद्दाम हात घालणारे

चोर काही मोठा शास्त्रज्ञ नसतो. त्याच्याकडे पक्कड असते, काळ्या रंगाचा स्प्रे असतो, आणि डीव्हीआर कुठे असतो याचा अंदाज असतो. पहिला उपाय: कॅमेरे असे लावा की प्रत्येक कॅमेरा दुसऱ्याला दिसेल. एकावर रंग मारायला गेलेला माणूस दुसऱ्यात येतो. दुसरा उपाय: उघडी लोंबणारी वायर नको, पाइपातून न्या. तिसरा: डीव्हीआर गेट केबिनमध्ये टीव्हीखाली ठेवू नका. टीव्ही तिथे राहू दे, पेटी कुलपाच्या कपाटात दुसरीकडे हवी, आणि कपाटाला हवा खेळायला जाळी हवी. चौथा: चित्र गेलं, कॅमेरा झाकला गेला किंवा फिरवला गेला तर बीप करायची सोय बहुतेक डीव्हीआरमध्ये आधीपासून असते. ती चालू करायला एक पैसा लागत नाही. आपल्या डीव्हीआरमध्ये ती होती, बंद होती.

दाराच्या सेन्सरबद्दल आमच्या कारखान्यातली एक युक्ती सांगतो. सेन्सरची वायर अशी जोडतात की दार बंद असताना तिच्यातून थोडा विद्युतप्रवाह सतत वाहत असतो. दार उघडलं की प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते. मग कोणी वायर कापली तरी प्रवाह तुटतोच, घंटा वाजतेच. हुशार चोराने दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर? त्यासाठी वायरीच्या टोकाला, सेन्सरच्या आत, ठरावीक मापाचा रेझिस्टर बसवतात. प्रवाह वाढला तरी घंटा, कमी झाला तरी घंटा. दोन-चार रुपयांचा तो तुकडा, पण बसवायचा टोकाला. कंटाळा करून वायरमनने तो पेटीतच लावला तर त्याचा काही उपयोग नाही. सायरनचंही असंच: आत स्वतःची बॅटरी असलेला आणि झाकण उघडलं की बोंबलणारा सायरन घ्या, आणि शिडीशिवाय हात पोहोचणार नाही इतका उंच लावा.

बिनतारी वस्तू लावायला सोप्या, पाडायलाही सोप्या. जुन्या पद्धतीच्या वायफायमध्ये एक उणीव अशी होती की बाहेरचा माणूस राउटरच्या नावाने "जोडणी सोड" असा खोटा निरोप पाठवू शके आणि कॅमेरा तो बिचारा खरा मानून जोडणी सोडे. डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीत अशा निरोपांची खातरजमा सक्तीची आहे. राउटर आणि कॅमेरा दोन्ही ती पद्धत मानत असतील तर सेटिंगमध्ये तीच निवडा. लहरीच दाबून टाकणारे जॅमर खासगी माणसाने वापरणं आपल्या देशात बेकायदा आहे, पण चोरी कुठे कायदेशीर असते! म्हणून नियम एकच: जो कॅमेरा महत्त्वाचा तो वायरवर. खेळातला, कुत्र्याला बघायचा, कुंड्या बघायचा कॅमेरा वायफायवर चालेल.

आणि शेवटी पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक व्हायरस जगभर पसरला. त्याने कुठलीही अवघड युक्ती केली नाही. कारखान्यातून येताना कॅमेऱ्यांना आणि डीव्हीआरना जे ठरलेले पासवर्ड असतात, तसे साठएक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघत होता. लाखो यंत्रं उघडली. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडल्या. लोकांनी चोर पकडायला लावलेले कॅमेरे, तेच चोरांच्या टोळीत सामील झाले, आणि मालकांना त्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा चाचणी लागते. नवा कॅमेरा घेताना त्याबद्दल जरूर विचारा. पण "admin" ला देवनागरीत लिहिल्याने जसा तो बदलत नाही, तसा चांगला कॅमेरा घेतल्याने वाईट पासवर्ड सुधारत नाही.

पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे याची यादी करा. मागची कार्यकारिणी, मागचा ठेकेदार, नोकरी सोडून गेलेला मॅनेजर, घर सोडून गेलेला भाडेकरू, काम सोडून गेलेल्या मावशी. माणूस गेला की त्याचा प्रवेश त्याच दिवशी काढायचा. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. आणि "कंपनीतून आलोय, पाच मिनिटं वायफाय बंद करा" असं म्हणणाऱ्याला आत घेण्याआधी आपण स्वतः कंपनीला फोन करायचा. त्याने दिलेल्या नंबरवर नाही, बिलावरच्या नंबरवर.

रेकॉर्डिंग नुसतं असून चालत नाही

एका कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला दोन मेगाबिट धरलं तर दिवसाला साधारण २२ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचे साडेतीनशे. चार टीबीची डिस्क अकरा-साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. गावाला पंधरा दिवस गेलेल्या घरात चोरी झाली, परत आल्यावर लक्षात आलं, तर पहिल्या दिवसाचं चित्र केव्हाच पुसलेलं असेल. महिनाभराचं हवं असेल तर त्या मापाची डिस्क घ्यावी लागेल.

घड्याळही तितकंच महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं रेकॉर्डिंग न्यायालयात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, त्यात नोंदवावा लागतो. चित्रावर तारीखच २००० सालची असेल तर पुढे किती प्रश्न निघतील याची कल्पना करा. तारीख-वेळ आठवड्यातून एकदा बघणं हे मिनिटभराचं काम आहे. नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत व्हायची.

काकूंचं दार

हे सगळं कशासाठी? आपल्या सोसायटीत आता एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं वाढली आहेत. सहाव्या मजल्यावरच्या एका काकूंचा मुलगा परदेशात असतो. त्याने आईच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला आहे, दाराला बोटाचं कुलूप बसवलं आहे. त्याला तिकडे चित्र दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि इथे इंटरनेट गेलं की तिकडे त्याच्या पोटात गोळा येतो. आपण स्विच खाली ओढला त्या रविवारी काकूंकडे निरोप दिलेला होता, पण मुलाला सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. दहा मिनिटांत त्याचा शेजारच्या वहिनींना फोन आला. वहिनी गेल्या, बेल वाजवली. बेल वाजेना, ती वायफायवरची. मग दार ठोठावलं. काकू आतून म्हणाल्या, "अगं ये ना, पोहे खातेय." त्यांनी आतून हाताने दार उघडलं. सगळं ठीक होतं.

त्या मुलाला धीर कशाने आला ते बघा. त्याच्याकडे वहिनींचा नंबर होता, वहिनी घरी होत्या, आणि दार आतून उघडत होतं. म्हणून मी प्रत्येक विंगमध्ये एक कागदी यादी करायला सांगणार आहे: एकटं कोण राहतं, शेजारी कोण, जादा किल्ली कोणाकडे, नातेवाइकाचा फोन. ती मोबाइलमध्ये नको, बंद पाकिटात गेट केबिनच्या कपाटात हवी. इंटरनेट गेल्यावर कागद वाचता येतो.

सभेपुढे माझं म्हणणं

त्या रविवारनंतर कार्यकारिणीने बरंच काम केलं आहे. जिन्यातले कॅमेरे यूपीएसच्या लाइनवर आले, ती लाइन जनरेटरच्या पॅनलवर घेतली, गच्चीवरच्या पेटीला वेगळा यूपीएस दिला, बॅटऱ्या आणि सेल बदलले, पासवर्ड बदलून सीलबंद पाकिटात ठेवले. खर्चाचा तपशील अहवालात आहे. महिन्याभराने पुन्हा स्विच खाली ओढला तेव्हा एकही चौकट काळी झाली नाही. लॉबीचं दार सुटलं, आणि ते सुटल्याची घंटा गेटवर वाजली.

ती घंटा वाजली तेव्हा कोणीतरी उठून दारात जायला हवं होतं. मामा गेले. रात्री एकच वॉचमन असेल आणि तो दारात गेला तर गेटवर कोण? गेटवर थांबला तर दारात कोण? वॉचमनला डुलकी लागते हे मला मान्य आहे. पण दोघांना एकाच वेळी बंद करणारा एमसीबी कुठल्याही मीटर रूममध्ये नसतो. म्हणून माझी विनंती अशी की प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलावा. या वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मेंटेनन्सची बिलं वाटतात त्याच दिवशी, मेन स्विच खाली ओढायचा आणि काय बंद पडलं ते वहीत लिहायचं. दोनदा रात्री ओढायचा, आणि एकदा भर पावसाळ्यात. बारा पानं भरली की ती वही सभेपुढे ठेवू. तेव्हा जे मत पडेल ते माझ्यासकट सगळ्यांनी मान्य करावं.

आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने आजच एक काम करावं. राउटरचा स्विच बंद करा आणि घरातून एक चक्कर मारा. बेल वाजते का, दार उघडतं का, सायरन बोलतो का, बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मुलं कुरकुर करतील, तेवढं सोसा.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या दारावर लक्ष ठेवलं, म्हणून इथवर आलो. यंत्रं आली म्हणून ते काम संपलेलं नाही. पहिली वही मी आणून ठेवली आहे, ऑफिसात आहे. येत्या रविवारी अकरा वाजता ज्यांना यायचं त्यांनी लॉबीत यावं.